डब्यातले सेल

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला मानलं. दुकानात जन्म काढला की किस्से साठतात, कॅबिनेटातल्या धुळीसारखे. झटकाय गेलं की डोळ्यातनं पाणी येतं.

श्रीवर्धनच्या बाजारात आमच्या ह्यांचं न् सलीमभाईचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मी चौथी शिकलेली, दारात सुपारी कातरत बसायची.

•

एक मास्तर आले. कॉम्प्युटर नुस्ता पिप पिप करी, पडदा काळा. हे जेवायला गेलेले. मी रॅमची पट्टी काढली, खोडरबरानं घासली, परत बशिवली. झाला चालू!

"बाई, कुठं शिकलात हे?"

"तुमच्याच शाळेत. चुकलं की खोडायचं."

•

खाऱ्या वाऱ्यानं बोर्ड लवकर जातात. एकदा हे म्हणाले, "कपॅसिटर फुगलेत."

"माझ्यासारखे."

"हे बदलता येतात," हे म्हणाले. दोन दिस आळणी कालवण वाढलं त्यांना.

•

बोर्डावर रुपयाएवढा सेल असतो. कॉम्प्युटर बंद असला तरी तारीख तोच सांभाळतो. ह्यांच्या कॉम्प्युटरातला मी गुपचूप काढून ठेवायची. मग चालू केला की यंत्र मागं जायचं, पार दुकान घातलं त्या सालात, न् म्हणायचं, पुढं जायचं तर एफ-वन दाबा.

हे वरडायचे, "परत मागं न्हेलंस?"

"तवा तुमचे केस काळे होते. बघू तर द्या."

•

दोन पावसाळे झाले, हे गेले. बोर्ड हातात होता, स्क्रू तोंडात.

•

ह्यांचा कॉम्प्युटर सलीमभाईनं चालू ठेवला. पर तारीख काय टिकंना. सेल बदल, परत मागं. सेल बदल, परत मागं.

परवा म्हणाला, "भाभी, हा बोर्डच सेल खातो. भंगारात देऊ या."

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे ना. मी दाबते एफ-वन."

त्यानं सुपारीसाठी माझा डबा उघडला. आत सुपारीखाली सहा सेल. कोरे करकरीत.

एकेक मोजला. मग खिशातनं सातवा काढला, नवा आणलेला. डब्यात ठेवला. झाकण लावलं. भिंतीवरचं बटन दाबलं, न् एफ-वनपण त्यानंच दाबला. पडद्यावर जुनं साल आलं.

मग ह्यांच्या खुर्चीकडं बघून म्हणाला, "शेठ, दोन चा सांगू का तीन?"

जा आता तू. मला दुकान उघडायचंय.