चढ्या पट्टीची कॅसेट

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितली नाही, आणि तिच्यापासून लपवलेलं दुसरं काही मला आठवत नाही. तुम्हाला सांगतोय. सरळ सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. आधी गिटारबद्दल बोलतो. त्याबद्दल मला नीट बोलता येतं.

मोताळ्याला, किंवा इकडे मलकापूर-नांदुऱ्याकडे, जयंतीच्या कार्यक्रमात नाहीतर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कधी गिटार ऐकली आहे का? आमच्याकडचे वादक तार एकदाच छेडतात आणि पुढचे सूर डाव्या हाताच्या बोटांनीच काढतात — बोट आपटून, बोट उचलून. पहिली तार अशी बाजूला ओढतात की सूर कण्हत कण्हत वर चढतो. आणि सगळं भलत्या वेगात, नेहमीपेक्षा चढ्या पट्टीत. बाहेरचे वादक विचारतात, हे कुठून आलं? सगळे एकच उत्तर देतात — मिलिंद सरांकडून.

मिलिंद माझ्यापेक्षा बराच लहान. वायरमनची नोकरी केली, आता निवृत्त आहे, घराच्या पुढच्या खोलीत पोरापोरींना शिकवतो. आणि मिलिंद कुठून शिकला? एका कॅसेटवरून. ती मी भरून दिली होती.

बसस्टँडजवळ माझं दुकान होतं. लोक आवडीची गाणी सांगायचे, मी कॅसेट भरून द्यायचो. मी स्वतः गिटार वाजवायचो, बऱ्यापैकी. कुणीतरी मुंबईहून एका परदेशी वादकाची टेप आणली. त्याचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. आम्हाला तेव्हा ते उच्चारताही येत नव्हतं. वेष्टनावर त्याचे पिंजारलेले केस होते, म्हणून आम्ही त्याला झिपऱ्या म्हणायचो. त्या टेपेत एक तुकडा होता — गाणारा थांबतो आणि गिटार एकटीच बोलू लागते. मी तो ऐकला, शटर अर्धं ओढलं आणि पुन्हा ऐकला. एकच माणूस, सहा तारा — तरी दोघं भांडतायत असं वाटावं, मग एकाने दुसऱ्याची समजूत घालावी. कसं करत असेल तो? माझ्या हाताला त्यातलं काही लागलं नाही. मी लवकरच नाद सोडला.

मिलिंदने सोडला नाही. त्याने त्या टेपेची कॉपी मागितली, मी दिली.

आता डेकबद्दल सांगायला हवं. ज्या डेकवर मूळ टेप वाजवून मी कॉपी भरायचो, त्याची मोटर जळाली होती. मिस्त्रीने दुसरीच कसली तरी बसवली. ती जोरात पळायची. फार नाही — पण तिच्यावरून भरलेलं प्रत्येक गाणं जलद व्हायचं आणि सूर वर जायचा. तेच गाणं रेडिओवर लागलं की मला फरक कळायचा. तेवढा कान होता. मी मोटर बदलली नाही. गाणी लवकर संपायची, म्हणून त्याच कॅसेटीत एखाद-दुसरं जास्त मावायचं. गिऱ्हाईक खूश. कोणाचं काय बिघडत होतं?

मिलिंदचं बिघडत होतं. कॅसेटशी सूर जुळवायला तो तारा पिळायचा, त्या तुटायच्या. शेवटी त्याने पहिल्या तारेच्या जागी बेंजोची बारीक तार लावली, आणि त्या बारकेपणातूनच ती ओढ जन्मली. उजवा हात वेगाला पुरेना, तेव्हा डाव्या हाताने सूर काढायची युक्ती आली. झिपऱ्यालाही ती येत असणारच. पण मिलिंदला ती कोणी दाखवली नव्हती. एका भलत्याच मोटरीमागे धावताना सापडली. चूक माणसाला इतकं शिकवते? मला अजून नवल वाटतं.

नवल वाटतं, असं म्हटलं की मला बरं वाटतं. म्हणूनच ते मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण सांगायचं ते हे नाही.

अकोल्याकडच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचा मालक वादक शोधत मोताळ्याला आला. त्याने मला ऐकलं, मिलिंदला ऐकलं, आणि मिलिंदला ये म्हणाला. दुसऱ्या दिवशी मिलिंद दुकानात आला. बोटांना चिकटपट्ट्या.

"भाऊ, तो तुकडा अजून नाही जमून राह्यला मले. शेवटी शेवटी हात मांगं पडते. टेप बराबर आहे ना?"

काय अवघड होतं? मोटरकडे बोट दाखवायचं — ती त्याच्यासमोर फिरत होती. पण मला ती जागा हवी होती.

"टेप बराबर आहे," मी म्हणालो. "तुहा हातच कमी पडते बे. तिथं हसं होईन."

तो गेला नाही. मी गेलो. त्याच्या जागेवर बसून दोन हंगाम वाजवलं. कोणाच्या लक्षात राहावं असं काही वाजवलं नाही. परत आलो तेव्हा मिलिंद विजेच्या खांबांवर चढू लागला होता. मला म्हणाला, "बरं झालं भाऊ, तुम्ही खरं सांगतलं."

तरी त्याच्याकडे माझं जाणं-येणं राहिलं. सरांना पहिली कॅसेट देणारे काका, म्हणून त्याचे विद्यार्थी उठून खुर्ची देतात. मी बसतो.

गेल्या दिवाळीनंतर प्रज्ञा नावाच्या त्याच्या विद्यार्थिनीने मोबाईलवर तो तुकडा शोधून आणला.

"सर, हा तं लयच हळू वाजवते. झिपऱ्याले झोप लागली का?"

पोरं हसली. मिलिंदने कान लावला. "म्हातारपणचं असंन. आपल्या टेपात तो जवान आहे. विचार ना भाऊले, त्यायनंच भरून देल्ली."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. चहाचा कप माझ्या हातात होता.

"हाव," मी म्हणालो. "जवानीचंच आहे ते."

ही दुसरी वेळ.

प्रज्ञाने हट्ट धरला, त्याच्यासंग वाजवा. मिलिंदने तारा सैल करून सूर फोनइतका खाली आणला आणि फोनबरोबर वाजवू लागला. झिपऱ्या जिथे तार ओढतो तिथे हाही ओढत होता, फक्त याच्याकडे वेळ उरत होता. मधेच मानेनेच त्याने एका पोराला पंखा लावायला सांगितलं. शेवटचा भाग आला — जिथे हात मागे पडायचा तो — आणि सहज निघून गेला.

"म्हाताऱ्यासंग म्हातारा," म्हणत त्याने गिटार ठेवली. "टेपातलं मात्र जमलंच नाही मले, शेवटलोक."

पोरं हसली. मीही हसलो.

फोनमधलं वादन म्हातारपणचं नाही. कॅसेटमधलं तेच ते, एकाच दिवसाचं — ज्या वेगाने वाजवलं गेलं त्या वेगाने. तो जवान, पळणारा झिपऱ्या जगात कधी नव्हताच. तो माझ्या दुकानातल्या मोटरने बनवला होता. खऱ्याला मिलिंदने केव्हाच गाठलं होतं — अकोल्याहून माणूस आला, बहुधा त्याच्याही आधी.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी मिलिंदच्या खोलीत, सगळी पोरं बसलेली असताना, वाचून दाखवणार आहे. नंतर तो काय म्हणेल, ते त्याचं. टेप चूक होती. मला ते ठाऊक होतं — त्याने विचारलं तेव्हाही.