जितेंद्रचा काळा डबा

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातला जितेंद्र गाड्यांची वायरिंग दुरुस्त करायचा, पण स्वतःला इंजिनिअरपेक्षा कमी समजायचा नाही. समजू द्या, हुशार होताच तो. जुन्या पेट्रोल जीपमध्ये ठिणगीसाठी प्लॅटिनम पॉइंट असतात. ते काळवंडले की गाडी बंद. मग ड्रायव्हर उतरतो, काडेपेटीच्या खरखरीत बाजूने पॉइंट घासतो आणि पुढे निघतो. जितेंद्रला हे गावठी वाटे. दोन हिवाळे खपून त्याने पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं सर्किट बनवलं, पत्र्याच्या डब्यात बसवलं आणि कुणी नक्कल करू नये म्हणून वरून वाळून दगडासारखं होणारं काळं रेझिन ओतलं. थंडी सरेपर्यंत बारा जीपना डबे लागले. पहिला असीरगढच्या मावसभावाच्या, धोंडूच्या जीपला.

मे महिन्यात धोंडूच्या बायकोच्या, सुमित्राच्या, छातीत कळ आली. तिला बुऱ्हाणपूरला आणताना भर दुपारी जीप बंद पडली. धोंडूने फोन करून विचारलं, डबा तर बिघडला नसेल?

"डब्याले काही होत नाही, दादा. पेट्रोल पाहा," जितेंद्र जेवता जेवता म्हणाला.

धोंडूने पेट्रोलची नळी सोडली, कार्ब्युरेटर उघडला, फुंकला, पुन्हा बसवला. पाऊण तासाने चावी फिरवली आणि जीप सुरू झाली. सुमित्रा तोवर गेली होती.

तेराव्यापर्यंत धोंडू येईल त्याला सांगत होता, नळी मीच साफ ठेवली नाही, मीच मारलं तिला. जितेंद्र मान खाली घालून ऐकत होता. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. घरी येऊन त्याने एक नवा डबा गच्चीवर, उन्हात चालू केला. वीस मिनिटांत ठिणगी गेली. वरून तांब्याभर पाणी ओतलं, थोड्या वेळात परत आली. आतली उष्णता रेझिनमधून बाहेरच पडत नव्हती. धोंडूची जीपही नळी फुंकल्याने नाही, पाऊण तासात डबा निवल्याने सुरू झाली होती. थंडीत बनवला, थंडीतच तपासला. बुऱ्हाणपुरात जन्मलेला माणूस उन्हाळा विसरला! त्याला स्वतःची किळस आली.

बाकीच्या अकरा मालकांना त्याने फोन करून डबे काढायला लावले. ते सोपं होतं. धोंडूकडे गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं, पण तो बिचारा जन्मभर स्वतःला खुनी म्हणत बसला असता. जितेंद्र असीरगढला गेला आणि ओसरीत बसून सगळं सांगितलं.

धोंडूने शांतपणे विचारलं, "मंग मी काय कराले पाहिजे होतं?"

"डब्यावर पानी टाकलं असतं, दादा, तं चालू झाली असती."



"पानी होतं ना," धोंडू म्हणाला. "तिच्यासाठी कॅन भरून घेतला होता. दोन घोट पिली ती. बाकीचं मी घरी येऊन फेकलं."