बाईसाहेबांचं माहेर

स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावातला माझा पहिला हिवाळा एका इंग्रज सरदारणीच्या संगतीत गेला. ती जाऊन सातआठशे वर्षं झाली होती, पण आमच्या घरमालकीणबाईंच्या जेवणाच्या टेबलावर तिचा कायमचा मुक्काम होता. तिथे तिची वंशावळ पसरलेली असायची, टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबणारी. सूप प्यायचं तर आधी एकदोन राजे गुंडाळून बाजूला ठेवावे लागत.

घरमालकीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. वरचा मजला त्यांनी आम्हाला भाड्याने दिला होता. मला नावाने हाक मार, असं त्या सारखं सांगायच्या, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. मी त्यांना काकू म्हणायला लागले. अर्थ समजल्यावर त्यांनी ते पद लगेच स्वीकारलं. नवरा दिवसभर लॅबमध्ये, माझ्या व्हिसावर नोकरी चालत नाही, बाहेर बर्फ. त्यामुळे दुपारी मी खाली काकूंकडे असायचे, आणि काकू मध्ययुगात.

बाईसाहेब (हे नाव मी ठेवलेलं) काकूंच्या पूर्वज. त्यांच्यापासून काकूंपर्यंतची रेघ शाईने ठळक काढलेली होती. बाईसाहेबांच्या वर मात्र नुसती टिंबं. त्या नक्की कुणाच्या लेक, हेच ठरत नव्हतं. काकूंच्या मते पश्चिमेकडच्या एका जहागीरदाराच्या, तर ओहायोतल्या त्यांच्या चुलतबहिणीच्या मते उत्तरेच्या एका सरदाराच्या. दोघी दर रविवारी फोनवर यावरून कडाकडा भांडायच्या.

"हिच्या नवऱ्याच्या घोड्यांचीसुद्धा नोंद सापडते, हिच्या बापाची नाही," काकू वैतागून म्हणायच्या. "इतकी वर्षं बिचारी टिंबांना लटकली आहे. मी जायच्या आधी हिला तिच्या घरी पोचवायचंय."

घरी पोचायचं तर मलाही होतं. मला सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, याबद्दल आमच्याकडे कुणी चर्चासुद्धा करत नाही. पण माझं माहेर नागपूरला, आणि एकदा गेले की व्हिसाचं स्टँपिंग होऊन वेळेत परत येता येईल, याची कुणी खात्री देईना. म्हणून आईच येणार होती. तिचं तिकीटही झालं, आणि नेमकी बाबांची बायपास निघाली.

"कॅन्सल केलं गं तिकीट," आई फोनवर म्हणाली. "ह्यांना सोडून कशी येऊ? तुझ्याजवळ कोण आहे तिथे?"

"आहेत ना सगळे," मी म्हणाले, आणि फोन ठेवून ढसाढसा रडले. मला भीती वाटत होती. आई उशाशी नसताना मूल जन्माला घालता येतं, यावर माझा मुळी विश्वासच नव्हता.

त्या दिवसांत मला कुठेही झोप लागायची, बहुतेक वेळा काकूंच्या खिडकीजवळच्या खुर्चीत. बाहेर बर्फ आवाज न करता पडत असायचा, आत काकूंची पानं उलटत असायची, आणि मला बाईसाहेब दिसायच्या. मेण्यात बसलेल्या, पोटावर हात धरून, ओल्या रानातून चाललेल्या. चेहरा कधी दिसला नाही. चालता चालता मेणा आमच्या कॅम्पसच्या बसच्या रस्त्याला लागायचा, आणि बाईसाहेबांच्या मांडीवर माझ्या आईचा लाडवांचा डबा असायचा. कुठे निघालात विचारलं, की त्या नुसतं पुढे बोट दाखवायच्या. पुढे पांढरं, अंधुक, काहीच नसायचं.

एकदा अशीच जागी होत मी विचारलं, "काकू, बाईसाहेबांचं पहिलं मूल कुठे झालं?"

काकूंनी पानं चाळली. "त्या पश्चिमेच्या जहागीरदाराच्या गढीत. का गं?"

"मग झालं की! तेच त्यांचं माहेर." मी त्यांना आमची रीत सांगितली. लेक सातव्या महिन्यात आईकडे जाते, आणि पहिलं मूल तिथेच होतं. काकू इतक्या हरखल्या की त्यांनी टिंबांवरून लगेच पेन्सिलीने सरळ रेघ ओढली.

रविवारी ओहायोने त्यावर विरजण घातलं. त्या साली बाईसाहेबांचा नवरा राजाच्या हुकमाने त्याच गढीत तळ देऊन होता, आणि बायको त्याच्याबरोबर होती. बाळंतपणाला बापाकडे जायचं अशी काही रीत तिकडे नव्हती. मला त्या चुलतबहिणीचा असा राग आला, जणू तिनेच आईचं तिकीट कॅन्सल केलं होतं. म्हणजे बाईसाहेबही परक्याच घरात बाळंत झाल्या.

काकूंनी खोडरबर घेतला आणि पुन्हा टिंबं उमटू दिली. मग म्हणाल्या, "पण मला सांग, आईकडे नेऊन करतात तरी काय?"

मी सांगत गेले. तेलाने अंग रगडतात, शेक देतात, अळिवाची खीर करतात. आई उशाशी बसून राहते, बाकी काही नाही. जुन्या नोंदी वाचाव्यात तितक्या लक्ष देऊन काकू ऐकत होत्या.

बर्फ वितळायला लागलं आणि मला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू हॉस्पिटलात आल्या, हातात थर्मास. नवऱ्याने आयसेलिनच्या देशी दुकानातून आणून ठेवलेले अळीव त्यांनी त्याच्याकडून मागून घेतले होते, आणि त्यालाच दुभाषा करून खिरीची कृती विचारायला नागपूरला आईला फोन लावला होता.

"ओहायोला मी कळवून टाकलंय," थर्मास उघडत त्या म्हणाल्या. "बाईसाहेबांचं राहू दे टिंबांवर. पण तुझा नियम तुला तर लागू पडतो ना? पहिलं मूल जिथे होतं, ते मुलीचं माहेर." माहेर हा शब्द त्यांनी मराठीतच उच्चारला, पाठ करून आल्यासारखा.

मला रडू फुटलं. काकूंनी मला अडवलं नाही, वाटीतली खीर ढवळत बसल्या. तिच्यात गूळ कमी होता आणि अळीवही नीट भिजले नव्हते. मी थर्मास रिकामा केला.

तेवढ्यात आईचा फोन आला. "जवळ कोण आहे गं?" तिने पुन्हा तेच विचारलं.

"माहेरचं माणूस आहे," मी म्हणाले, आणि फोन काकूंच्या हातात दिला.