शिट्टीचा खिसा

हिरासिंगच्या पांढऱ्या शर्टावर, डाव्या छातीला, एक चिंचोळा खिसा होता. त्यात शिट्टीशिवाय दुसरं काही मावायचं नाही. तो खिसा मीच शिवला होता. मी वसमतचा शिंपी. विजय क्लब आणि पंचशील क्लब, दोघांचे खेळायचे शर्ट माझ्याच मशीनवर निघायचे आणि त्यामुळे दोघांचाही माझ्यावर संशय असायचा. एकाला शर्ट बगलेत काचला की मी दुसऱ्याला फितूर. मी मुकाट्याने शिवण उसवायचो, सैल करून द्यायचो, की विषय मिटायचा. हिरासिंगचा विषय असा मिटणारा नव्हता, कारण तो दोघांच्या सामन्याचा रेफ्री होता.

विजय क्लब म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांची पोरं, आणि त्यांच्या पाठीशी किशनराव, ज्यांची हळदीची मोठी शेती. पंचशील म्हणजे भीमनगरची पोरं. त्यांचा कप्तान संतराम, शिकलेला, तापट आणि बोलायला धारदार. दोघांच्या मधे मैदान. मैदानाच्या पूर्वेला विजयची माणसं बसायची, पश्चिमेला पंचशीलची, आणि फुटबॉल सुरू झाला की खेळाडूंच्या नावाने नव्हे तर जातीच्या नावाने हाका सुरू व्हायच्या. त्या हाका मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी मारल्या ते अजून हयात आहेत आणि भजनाला बसतात.

अशा ठिकाणी रेफ्री आणायचा कुठून? तर तांड्यावरून. हिरासिंग बंजारा, म्हणून ना यांचा ना त्यांचा. लहानपणी तो हिंगोलीला पोलिसांच्या मैदानाशेजारी गुरं राखायचा. तिथल्या एका हैदराबादी जमादाराने त्याला बॉल आणून द्यायच्या कामाला लावलं, मग नियम शिकवले, आणि बदली होऊन जाताना आपली पितळी शिट्टी दिली. एरवी हिरासिंग मजूर. दुष्काळात त्याने तळ्याच्या कामावर खडी फोडली. पण अंगात तो पांढरा शर्ट चढला की किशनरावांनाही त्याच्याकडे बोट दाखवून बोलता येत नसे. या मानावर त्याचा फार जीव होता. मला म्हणायचा, "खडी फोडाया कुणीबी मिळते मास्तर. शिट्टीला इस्वास लागते."

तो विश्वास सांभाळायला त्याने स्वतःला चांगलंच जखडून घेतलं होतं. सामने जवळ आले की तो दोन्ही बाजूंच्या कुणाच्या शेतावर कामाला जायचा नाही. कुणाच्या घरचा चहा नाही, पाणीसुद्धा नाही. तांड्यावरून पितळी चरवीत स्वतःचं पाणी आणायचा आणि बाभळीखाली एकटा बसायचा. रामराम घालणाऱ्याला रामराम, जयभीम म्हणणाऱ्याला जयभीम, आणि दोन्ही सारख्याच आवाजात. तरी लोक पाळत ठेवायचेच. हिरासिंग किशनरावांच्या गल्लीतून गेला की पंचशीलची पोरं विचारायची, "काहून गेला हो?" भीमनगरच्या नळाजवळ थांबला की विजयवाल्यांच्या भुवया वर. मी स्वतः कितीदा पाहिलंय, तो बिडी पेटवायला कुणाकडे काडी मागतो यावर दोन माणसं डोळा ठेवून असायची.

त्या वर्षी दुष्काळाची कामं बंद झाली होती. अंतिम सामना चैत्रात, आणि चैत्र म्हणजे हळदीचा हंगाम. शिजवलेली हळद वाळली की लोखंडी ढोलात घालून फिरवतात, घासून तिची साल काढतात. ढोल फिरवणारा माणूस संध्याकाळी नखशिखांत पिवळा होतो. पण वसमतला त्या दिवसांत निम्मं गाव पिवळं असतं, त्यामुळे कुणाचे हात कुणी बघत नाही.

सामना रंगला नाही, तापला. वारा सुटला होता म्हणून चुन्याची फक्की ऐनवेळी पाण्यात कालवून ओळी ओतल्या होत्या आणि त्या ओल्याच होत्या. खेळ संपत आला तरी गोल नाही. दोन्हीकडून घसे फाटेपर्यंत शिव्या. एवढ्यात विजयच्या एका गड्याने गोलसमोर बॉल हाताने अडवला. हिरासिंगने शिट्टी फुंकली आणि पंचशीलला पेनल्टी दिली. ओळीवरून घरंगळत आलेला चुन्याने माखलेला बॉल त्याने उचलला, कमरेच्या रुमालाने घामेजले हात पुसले, बॉल दोन्ही हातांत नीट फिरवला आणि खुणेवर ठेवला.

विजयचा गोलकीपर कोंडीबा. धिप्पाड गडी, बैलाची शिंगं धरणारा. त्याने बॉलकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पांढऱ्या चुन्यावर लालभडक बोटं उमटली होती.

"कुंकू हाय," कोंडीबा म्हणाला. "बॉलवर कुंकू लावलंय."

संतरामने ऐकलं की नाही कोण जाणे, त्याने बॉल मारला. तो सरळ कोंडीबाच्या छातीवर आला होता. लहान लेकराने धरला असता. कोंडीबा बाजूला झाला. हात पाठीमागे बांधून बाजूला झाला आणि बॉल जाळीत गेला.

पूर्वेकडून ओरडा झाला, "भानामती!" पश्चिमेकडची माणसं आधी गोलच्या आनंदात उठली होती, त्यांना कळेना. कळल्यावर ती अधिकच भडकली. आमी देवदेवस्की सोडून इतकी वर्षं झाली आणि आमच्यावर भानामती घालता? तुमीच लावलं असेल कुंकू, बॉल तुमच्या किशनरावांनी आणलाय. दगड कुणी आधी मारला ते विचारू नका. पूर्वेला विचाराल तर पश्चिमेने, पश्चिमेला विचाराल तर पूर्वेने. हिरासिंग मधे उभा राहून शिट्टी फुंकत होता, आणि ती कुणालाच ऐकू जात नव्हती.

एक गोष्ट मला आजही चीड आणते. आमच्याकडे कुठलीही बाई सांगेल की हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. चुना लागला तर विचारूच नका. सगळं गाव हळदीवर जगतं. पण त्या दिवशी हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. एकमेकांची खोडी काढायला आम्ही इतके टपलेले होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतरावांच्या आडत दुकानात कमिटी बसली. अमृतराव स्पर्धेचे अध्यक्ष, वयस्कर आडते, पानाचा डबा सतत मांडीशी. एका बाजूला किशनराव आणि कोंडीबा, दुसऱ्या बाजूला संतराम. मीही कमिटीत होतो, म्हणजे दाराशी बसलो होतो. हिरासिंग पायरीवर.

अमृतरावांनी बोलणं आधीच ठरवून आणलेलं दिसलं. "पंचशीलला दोन वर्सं बंदी. कप विजयला. लोकायला सजा देता येत न्हाई, क्लबाला देता येते."

"ओरडणारे शेकडो, खेळणारे अकरा," संतराम म्हणाला. "सजा अकरायला? आन ओरडले तर दोनीकडचे. मंग बंदी एकालाच काहून?"

"बॉलवर करणी तुमी केली म्हनून," किशनराव म्हणाले.

"आमी केली? सिद्ध करा."

"मंग कुणी केली?"

अमृतराव पायरीकडे वळले. "बॉल तुझ्या हातात व्हता हिरासिंग. कुणी हात लावला ते बराबर सांग."

हिरासिंगने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. त्याला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. भिकाबाई, त्याची बायको, रुमाल धुवायला बसली आणि साबण लावताच रुमाल लालेलाल झाला. हे त्याने मला नंतर सांगितलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत. बोललं तर शिट्टी जाणार. गप्प राहिलं तर भीमनगरच्या पोरांचा खेळ दोन वर्षं बंद, आणि तोही त्यांनी न केलेल्या गोष्टीसाठी.

तो उठला, आत आला, अमृतरावांच्या डब्यातून बोटभर चुना घेतला आणि डाव्या तळहातावर चोळला. आमच्या देखत तळहाताच्या रेघा लाल झाल्या.

"कुणी कुंकू लावलं न्हाई," तो म्हणाला. "माझे हात हळदीचे व्हते. रुमाल बी ढोलावरचाच व्हता. चूक माझी हाय."

दुकानात हळदीची पोती छतापर्यंत रचलेली. त्यातली चिमूटभर घेऊनही त्याला हे दाखवता आलं असतं. पण मग हळद कुणाच्या हाताला होती, हा प्रश्न उरलाच असता आणि नजरा पुन्हा भीमनगरकडे वळल्या असत्या. म्हणून त्याने स्वतःचा हात पुढे केला. मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला, पण पुढचा प्रश्न काय येणार हेही मला दिसत होतं.

तो संतरामनेच विचारला. ज्याच्यासाठी हात लाल केला, त्यानेच. "कुणाच्या ढोलावर व्हते तुमी?"

"किशनरावांच्या. लांबच्या मळ्यात, आठवडाभर. घरात काई नव्हतं, म्हनून गेलो."

 मग संतराम सावकाश म्हणाला, "म्हनून आमच्या गड्यावरचा पहिल्या हाफातला फाऊल तुमाला दिसला न्हाई."

"फाऊल नव्हता तो."

"आता कसं समजावं?"

तिकडे किशनराव लालबुंद. "माझ्या ढोलावर काम करून माझ्याच पोरायवर पेनल्टी देते? त्यायनं काय दिलं रे तुला?"

हिरासिंग एकाकडे बघायचा, मग दुसऱ्याकडे. ज्याच्याकडे मजुरी केली त्याच्याच विरुद्ध पेनल्टी दिली, यापेक्षा सचोटीचा आणखी कोणता पुरावा माणसाने द्यावा? मी तसं म्हणालोही. दोघेही माझ्याकडे असे वळले, जणू मी शर्टाचं माप चुकवलं होतं.

"तुमी शिवा," किशनराव म्हणाले.

मग जे झालं ते त्या गावात पूर्वी कधी झालं नव्हतं. दोन्ही क्लबांचं एकमत झालं. सामना पुन्हा खेळवायचा, बंदी कुणालाच नाही, हाका मारणाऱ्यांना कुणी काही विचारायचं नाही, आणि हिरासिंगने यापुढे शिट्टी धरायची नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून अमृतरावांनी पान लावलं, पहिलं किशनरावांना दिलं, दुसरं संतरामला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दाराशी बसून पाहिली.

सामना पुन्हा झाला. रेफ्री हिंगोलीहून आणला. पूर्वेकडून त्याच हाका, पश्चिमेकडून तीच उत्तरं, उलट आता मधे ओळखीचं कुणी नसल्याने जास्त मोकळेपणाने. कोण जिंकलं ते मी बघायला थांबलो नाही. बाभळीखालची जागा रिकामी होती. हिरासिंग आला असता तरी बसला कुठे असता? दोन्हीकडे त्याला जागा नव्हती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो दुकानात आला. पांढरा शर्ट घडी करून आणला होता.

"हा खिसा उसवून द्या मास्तर."

"राहू दे की. बिडीला होईल."

"हात सारका तिकडं जाते," तो म्हणाला. "आन मानसं बगून राहतेत."

मी खिसा उसवला. बाकीचा शर्ट उन्हाने आणि धुण्याने विटला होता, खिशाखालचं कापड मात्र नवंकोरं निघालं, बोटभर रुंद, पांढरंशुभ्र. मी म्हटलं, निळीत घालू का, जरा एकसारखं दिसेल. तो नको म्हणाला.

नंतर तो शर्ट तो ढोलावर घालू लागला, किशनरावांच्याच. दोन हंगामांत शर्ट सगळा पिवळा झाला आणि तेव्हा कुठे ती जागा दिसेनाशी झाली.