डब्यातला कॅमेरा आणि दादाची खुर्ची

माझी भाची ठकी हिनं शाळेत फोटोग्राफी हा विषय घेतला, तेव्हा माझा भाऊ, म्हणजे तिचा बाप, म्हणाला, “त्यासाठी शाळा कशाला? मोबाइल आहे की.” दादा नळदुरुस्ती करतो. गळती थांबली की काम झालं, एवढं साधं त्याचं गणित. आणि ठकीनं तर बिस्किटांच्या डब्याला सुईनं भोक पाडून कॅमेरा बनवलेला. मला हसू आवरेना.

वर्षाचं शेवटचं काम होतं घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो. तो नीट आला तर हा विषय पुढे चालू, नाहीतर बंद, असं दादानं बजावलं होतं. फोटोचे कागद उरले होते दोन. ठकीचा जीव टांगणीला लागला होता.

तिनं आम्हाला गच्चीवर खुर्च्यांत ओळीनं बसवलं. भोक एवढंसं, उजेड हळूहळू आत जाणार, तोवर हलायचं नाही. माझ्या नाकाला खाज सुटली, पण मी हूं की चूं केलं नाही. दादाच्या पायाला मात्र भिंगरी. फोनवर बोलत फिरला, पाण्याच्या टाकीत डोकावला, पान्हा शोधला आणि शेवटी जरा टेकला.

न्हाणीघरात लाल दिवा लावून ठकीनं कागद फोटो उमटवायच्या औषधात बुडवला. वहिनी आणि मी लख्ख आलो. दादाची खुर्ची रिकामी.

“मी होतो की तिथं,” दादा म्हणाला.

“होतात बाबा, पण थांबलाच नाहीत.”

ती सहज बोलली. माझ्या काळजात मात्र चर्र झालं, कारण घरातही तो असाच असतो. दादाचा चेहरा उतरला. फोन बंद करून त्यानं माझ्या हातात दिला. “ऊन जायच्या आत चला,” म्हणाला.

शेवटचा कागद. दादा डोळे वटारून, छाती फुगवून बसला.

“बाबा, श्वास घेतलेला चालतो,” डब्यामागून ठकी म्हणाली.

पुन्हा न्हाणीघर, पुन्हा लाल दिवा. आम्ही चौघं दाटीवाटीनं वाकलो. कागद कोराच. मग खुर्ची उमटली, मग गुडघे, मग माझा अख्खा भाऊ. मी नाचायचीच बाकी होते. या कागदावर आधी काळ्याचं पांढरं होतं, म्हणून दादाचे काळेभोर केस पांढरेशुभ्र दिसत होते.

“म्हातारा झालो की मी,” तो म्हणाला.

“उद्या शाळेत सुलटा करते,” ठकी म्हणाली.

दादानं कागद स्वतः दोरीवर चिमट्यानं अडकवला आणि तिथंच उभा राहिला. फोन परत मागायचंही त्याला सुचलं नाही.

“पुढच्या वर्षी मोठा डबा लागेल,” तो म्हणाला. “मी आणतो.”