चार ओळींतली उडी

बँकेने बदली करून बाबांना हावड्याला आणलं आणि निवृत्तीनंतरही ते तिथेच राहिले. सकाळी बंगाली वर्तमानपत्र वाचताना त्यांच्या हातात पेन्सिल असायची. बातमीत कोणी 'संतापला', कोणी 'घाबरून पळाला' असं आलं की ते समासात बारीक मराठी अक्षरांत लिहीत, कोणी पाहिलं? आई म्हणायची, तुम्ही इथे रागावलात ते त्या बातमीदाराला कळतंय होय?

मागच्या वर्षी आई गेली. या हिवाळ्यात बाबा नवा चष्मा आणायला नदीपलीकडे कोलकात्यात, एस्प्लनेडला गेले आणि परतताना घाटावर, जेटी आणि लाँच यांच्यामधल्या पाण्यात पडले, ते गेलेच. त्यांच्याच वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. पत्नीच्या मृत्यूने नैराश्यग्रस्त वृद्धाची नदीत उडी.

बातमीदाराने मला फोन करून विचारलं होतं, आई गेल्यावर ते कसे होते. कमी बोलायचे, एवढंच मी म्हणाले होते.

बातमीचा फोटो कोणीतरी पुण्याला, बाबांच्या धाकट्या बहिणीला पाठवला, मराठी अर्थासकट. आत्याचा लगेच फोन आला.

"दादानं उडी मारली का गं? खरं सांग."

मी बाबांच्या खिशात सापडलेल्या नव्या चष्म्याचं सांगितलं.

"नवा चष्मा करून घेऊन कोणी उडी मारतं होय? छापायला लाव त्यांना, पाय घसरला म्हणून."

वर्तमानपत्राच्या कचेरीतले उपसंपादक सौम्य होते. दुरुस्ती छापू, दोन ओळी लिहून द्या, म्हणाले. मी 'पाय घसरून' असं लिहिलं आणि पुढे हात चालेना. घाटावर गर्दी होती, पण बाबांना पडताना पाहिलेलं कोणी पोलिसांनाही भेटलं नव्हतं. बाबांची पेन्सिल कुठे थांबली असती ते मला ठाऊक होतं. मी ते शब्द खोडले. ते पाण्यात पडले, कसे ते कोणी पाहिलेलं नाही, आणि नैराश्य हा शब्द घरच्यांचा नाही, असं लिहून दिलं.

दुरुस्ती आतल्या पानावर आली. ती मी आत्याला फोनवर मराठीत वाचून दाखवली.

"घसरला, एवढं तरी लिहायचंस."

"मी पाहिलं नाही, आत्या."

"मी तरी कुठे पाहिलं," ती म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.