मस्कतला निघालेला जालन्याचा केक

जालना स्टेशनवर उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. डिसेंबरची थंडी कानांना झोंबत होती. मस्कतला राहून अशी थंडी मी विसरूनच गेले होते. तिथं खाद्यपदार्थ आयात करणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. बाहेरून येणाऱ्या मालात काय चालतं, काय चालत नाही, हे बघायचं माझ्याकडे असतं. या खेपेला कंपनीनं मला पाठवलं होतं ते थेट माझ्या सख्ख्या भावाची बेकरी तपासायला. नातं मी साहेबांना आधीच सांगितलं होतं. “मग तूच जा, तुला रस्ता तरी माहीत आहे,” ते म्हणाले.

दादा मफलर गुंडाळून फलाटावरच उभा होता.

“लई वाळलीस गं सुमे. तिकडं जेवायला देत न्हाईत का?” एवढं बोलून त्यानं बॅग उचलली आणि पुढं चालू लागला. त्याचे डोळे त्यानं मला दिसूच दिले नाहीत.

बेकरी एमआयडीसीच्या कडेला आहे. सळयांनी लादलेले ट्रक, बियाण्यांच्या कंपन्यांचे फलक, पाळीला निघालेल्या मोटारसायकली. तापल्या लोखंडाचा वास नाकात बसलेला असतानाच एका वळणावर अचानक अंडी, लोणी आणि भाजत्या साखरेचा वास आला. आत शोभावहिनी चार बायकांबरोबर पाकिटं भरत होती. तिनं हात पुसून नुकता निघालेला स्पंज केक माझ्या हातावर ठेवला. बोटानं दाबला की दबायचा आणि हळूच वर यायचा. मी उभ्या उभ्या दोन खाल्ले. मस्कतच्या दुकानांत कुठल्या कुठल्या देशांचे केक मिळतात. घरी नेऊन, फोडून, मी त्या प्रत्येकात हीच चव शोधलेली आहे.

मग काम सुरू झालं. इसेन्समध्ये अल्कोहोल होतं, ते तिकडं अजिबात चालत नाही. पाकिटावर अरबी मजकूर हवा होता. पण खरी अडचण मुदतीची होती. हा केक जेमतेम तीन आठवडे टिकतो. इथून मुंबईचं बंदर, पुढं जहाज, तिकडची तपासणी.

“दादा, दुकानात पोचेपर्यंत याला बुरशी धरेल.”

“मला ठाव हाये.” त्यानं कपाटातून दुसरं पाकीट काढलं. “हा बघ. पावसाळ्यात केलेला हाये.”

केक खरंच मऊ होता. इसेन्स बदललेलं, टिकण्यासाठी पावडर घातलेली. मी घास घेतला. आधी नुसता गोड लागला, मग जिभेवर काहीतरी कडसर राहिलं.

“पास व्हईल का?”

“होईल.”

“अन् तुला कसा लागला?”

मी चावत राहिले.

“मला बी न्हाई आवडला,” दादा म्हणाला. “पण पाठवू.”

मला नवल वाटलं. केकचा तळ जरा लाल झाला तरी अख्खा ट्रे बाजूला काढणारा माणूस हा. शिवाय त्याचा माल जिल्ह्यातच पुरत नव्हता. दादा भट्टीकडं गेल्यावर मी वहिनीला विचारलं, “मग हा खटाटोप कशासाठी?”

ती पाकिटं लावता लावता म्हणाली, “ताई, यांना धंदा कुठं वाढवायचाय? आई गेल्या तव्हापासून तुमचं येणंच तुटलं. माल चालू झाला की तपासायला सुमीला यावंच लागंल, असं म्हणून राह्यले.”

साहेबांच्या टेबलावर दादाच्या केकचं पाकीट मी तरी दुसऱ्या कशासाठी ठेवलं होतं?

दुसऱ्या दिवशी दादा माल घेऊन आमच्या गावी, मंठ्याला निघाला. मी टेम्पोत पुढं बसले. दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती, ज्वारी दाण्यावर आली होती. अर्ध्या वाटेत चाक बसलं. दादा जॅक लावेपर्यंत बांधावरच्या एका म्हाताऱ्या काकांनी मला हुरड्याला बोलावलं.

“कुठल्या पाव्हण्या म्हणायच्या?”

“पाहुणी नाही काका, मंठ्याचीच आहे.”

“मंग रानाकडं अशी का बघून राह्यली, पयल्यांदा पाह्यल्यासारखी?”

गरम कणसं तळहातावर चोळून मी दाणे तोंडात टाकले.

मंठ्यात जो भेटला त्यानं एका दमात दोनच गोष्टी विचारल्या. “कव्हा आल्तीस? कव्हा चाललीस?” संध्याकाळी परत आल्यावर वहिनीनं भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार पीठ) घातलेली आमटी वाढली. दादा माझ्या ताटाकडं बघत जेवला. निघताना स्टेशनवर म्हणाला, “पुढच्या खेपंला हिवाळ्यातच ये. उन्हाळ्यात लई तापतं इथं.” जणू सगळं ठरलंच होतं.

मस्कतला आल्यावर मी नव्या केकचा अहवाल दिला. माल सुटला, पोचला, तपासणीत पास झाला. दुकानाच्या फळीवर दादाच्या बेकरीचं नाव अरबी अक्षरांत बघताना मला हसूही आलं आणि भरूनही आलं. त्याच आठवड्यात साहेब म्हणाले, “उत्तम माल आहे. आता दर वेळी जायची गरज नाही. प्रयोगशाळेचा दाखला पुरेल.”

मी दादाला फोन करून सगळं सांगितलं.

“म्हंजे माल चांगला निघाला म्हणून तू येणार न्हाईस?”

“तसं नाही रे दादा…”

“मंग एखादी खेप बिघडवू का?”

मी हसले. तो हसला नाही.

फोन ठेवला आणि ऑफिसच्या खिडकीशी बसून राहिले. समोर डोंगर तापून पिवळे पडले होते. आमच्या कंपनीतून रोज कुठला ना कुठला माल अडतो. कधी रंगासाठी, कधी मुदतीसाठी, कधी एका चुकलेल्या शब्दासाठी. इतक्या वर्षांत मला मात्र कुणीच कुठं अडवलं नव्हतं. जायला काहीतरी काम पाहिजे, असं माझं मीच धरून बसले होते. साहेब अजून केबिनमध्येच होते. मी उठले आणि आत जाऊन रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं.

“भावाकडे जायचंय,” मी म्हटलं.